बुवांचा दीड तास

रामनवमीच्या कीर्तनात बरोबर बाराच्या ठोक्याला पाळणा हलला पाहिजे. नरहरबुवा उकिडव्यांचा पाळणा तीस वर्षांत कधी मिनिटभर आधी हलला नाही की मिनिटभर नंतर. हे मी छातीठोक सांगतो, कारण ती तीसही वर्षं मी त्यांच्या शेजारी तबल्यावर बसलेलो आहे. पण हेच बुवा एकदा गोष्टीत शिरले, की आकडे त्यांच्या हातात राहत नाहीत. दोन कोसांचं रान चार कोसांचं होतं. राजाच्या दारातले शंभर हत्ती पुढच्या वर्षी हजार होतात. ऐकणाऱ्यांचीही तक्रार नसते. हत्ती मोजायला कोण जातंय?

एकदा मोजायला आले. त्याची ही हकिकत.

मी दत्ताराम पांगम. देवरुखच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. दिवसा वर्गात प्रकाशाचे नियम आणि संध्याकाळी देवळात धुमाळीचा ठेका, असं आयुष्य गेलं. या दोन्हींचं भांडण मला कधी दिसलं नाही. ज्याने नियम केले, त्याचंच तर गुणगान चाललेलं असायचं.

बुवांची एकुलती एक मुलगी जनाई. तिच्या हृदयातल्या पडद्याला जन्मतः भोक होतं. ती अडीच वर्षांची असताना डॉक्टरांनी पायाच्या शिरेतून नळी वर नेऊन, इवल्याशा जाळीच्या छत्रीने ते बुजवलं. पोर ठणठणीत झाली. झाडावर चढली, नदीत पोहली, कीर्तनात बापामागे बसून झांजा वाजवू लागली. त्या झांजा नेहमी माझ्या ठेक्याच्या पुढे पळायच्या, ते वेगळं. आणि एक दिवस, विसाव्या वर्षी, तिने जाहीर केलं की मी लढाऊ विमान चालवणार.

पूर्वी अशा हृदयाला हवाई दलाचं दार सरळ बंद होतं. कारण समजायला सोपं आहे. विमान वेगात असताना झपकन वळलं, की वैमानिकाचं वजन सात-आठ पट होतं. रक्तही तितकंच जड होऊन पायांकडे धावतं. हृदयाने ते जोर लावून मेंदूपर्यंत चढवलं नाही, तर माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो आणि पुढच्या काही सेकंदांत सगळं संपतं. म्हणून शंका नको, ज्याच्या हृदयाला कधी भोक होतं तो बाहेर.

मग 'जुळं' आलं. माणसाच्या हृदयाची, शिरांची, फुप्फुसांची बारीकसारीक चित्रं घ्यायची. त्याला पट्ट्यावर पळवायचं, लांब हाताच्या यंत्रात बसवून गरगर फिरवायचं, आणि या सगळ्यातून संगणकात त्याचं हुबेहूब जुळं उभं करायचं. ते जुळं एका दुपारात दहा हजार उड्डाणं करतं. कधी ताप अंगावर काढून, कधी दोन रात्री न झोपता, कधी पाणी न पिता. दहा हजारांत दहापेक्षा जास्त वेळा ते बेशुद्ध पडलं, तर दार बंदच. कमी वेळा पडलं, तर 'सूट' मिळायची शक्यता, म्हणजे नियमात न बसणाऱ्यालाही पारखून, अटी घालून आत घेतात. जनाईचं जुळं सहा वेळा पडलं. बेंगळुरूच्या तपासणी केंद्रातून तिने आनंदाने फोन केला आणि बुवांनी त्या दिवशी देवाला साखरभात केला.

मात्र या यंत्राची एक अट आहे. खऱ्या माणसाच्या आयुष्यात जे जे घडलं, ते ते जुळ्याच्याही अंगात घडू शकलं पाहिजे. भूतकाळ जुळला नाही, तर भविष्य विचारण्यात अर्थ नाही. म्हणून शेवटच्या टप्प्यात यंत्र उमेदवाराचा सगळा पूर्वेतिहास चाळतं. उघड्यावर जे काही असेल ते, बातम्या, भाषणं, सगळं. तशी परवानगी उमेदवारच सही करून देतो. जनाईनेही दिली होती.

फाल्गुनातली सकाळ. मी बुवांच्या पडवीत हातोडी घेऊन तबला सुरात लावत होतो. बुवांचा फोन वाजला, त्यांनी तो मोठ्या आवाजावर ठेवला.

"बाबा, एकटे आहात का?"

"पांगम आहे. बोल की."

"बरं झालं. सरकाकांनीही ऐकावं. त्यांची तिहाई आहे त्यात."

"कशात?"

"मी मेले होते ना, त्याच्यात."

बुवा माझ्याकडे बघायला लागले. माझ्या हातातली हातोडी तशीच राहिली.

ती गोष्ट गावाला पाठ आहे. जनाई नऊ वर्षांची असतानाची रामनवमी. कीर्तन ऐन रंगात, पोर झांजा वाजवता वाजवता कोसळते. नाडी लागत नाही, डॉक्टर मान हलवतात. बाप मात्र गादी सोडत नाही, गातच राहतो. बाराचा ठोका पडतो, पाळणा हलतो आणि पोर डोळे उघडते! त्या 'उघडते'वर माझी तिहाई असायची, एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणारी. लोक डोळे पुसायचे. खरं सांगतो, वाजवताना मीही पुसायचो.

"यंत्राला तुमची तीन कीर्तनं सापडलीत," जनाई सांगत होती. "रत्नागिरीत मी वीस मिनिटं बेशुद्ध आहे. सांगलीत पाऊण तास. गेल्या वर्षी डोंबिवलीत दीड तास. डोंबिवलीत तर माझी नाडीसुद्धा थांबलीय, बाबा."

"अगं, ते रंगात येऊन..."

"मी अर्जात लिहिलंय, कधीही बेशुद्ध पडले नाही. आता यंत्राने सर्वांत वाईट धरायचं म्हणून दीड तास धरला. तो जुळ्याच्या अंगात बसवायचा, तर त्याचं हृदय तितकं दुबळं करावं लागतं. केलं. आज ते दहा हजारांत तीनशे अकरा वेळा पडलं. म्हणजे एक तर मी खोटी, नाहीतर माझं हृदय खोटं. दोन्हीत मी घरीच येते."

आतून बुवांच्या पत्नीचा, मृणालवहिनींचा आवाज आला. हातातलं पीठ न झटकताच त्या बाहेर आल्या. "मी अकरा वर्षं ओरडतेय, पोर झोपली होती म्हणून! पण यांना ऐकू येतंय का? यांना झांजा ऐकू येतात."

"आई, एकवीस दिवस दिलेत. पुढच्या तुकडीला माझं वय बसत नाही. बाबा, तुम्ही लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"की ते खरं नव्हतं. शपथेवर."

बुवांनी फोन खाली ठेवला आणि आत जाऊन अंगावर उपरणं घेतलं. कीर्तन नसताना बुवा उपरणं घेतात, ते फक्त देवासमोर उभं राहायचं असेल तेव्हा.

दुपारी मी देवळात गेलो, तर बुवा सभामंडपात बसलेले. कीर्तनकार उभा राहतो त्या जागेला आमच्यात नारदाची गादी म्हणतात. गादी म्हणजे काही मऊ बिछाना नव्हे, नुसती फरशी. पण तिथे पाय ठेवण्याआधी कीर्तनकार तिला हात लावून कपाळाला लावतो आणि तिथे उभं राहून बोललेला शब्द आपला नाही असं मानतो. बुवा त्या फरशीकडे टक लावून बसले होते.

"पांगम, इथे उभा राहून मी खोटं बोललो, असं लिहून द्यायचं?"

"बुवा, दीड तास नव्हता, हे तर तुम्हालाही ठाऊक आहे."

"आहे का?" ते एकदम म्हणाले. "तुला ठाऊक आहे? मी इथे उभा होतो. पोर आडवी झाली. ज्या पोरीच्या हृदयाला छत्री लावलेली, ती. गादी सोडायची नाही आणि पाळणा तर बाराला हलायचा. मी गात होतो आणि तिच्या छातीकडे बघत होतो, हलतेय का, हलतेय का. नाही दिसलं मला हलताना. तो दीड तास होता, पांगम. घड्याळात पाच मिनिटं असतील. माझ्यासाठी तो दीड तासच होता."

दहा वर्षं मी त्या प्रसंगावर तिहाई वाजवली, पण बुवांच्या मनात काय वाजत होतं ते मला कधी ऐकू आलं नव्हतं.

"आणि ती सिंधूताई शिगवण," ते पुढे म्हणाले. "पोराला फिट येतात तिच्या. दर वर्षी ही गोष्ट ऐकायला साखरप्याहून येते. तिला काय सांगू?"

शेवटी त्यांनी लिहिलं. त्या फरशीशेजारीच बसून, माझ्या पेनाने. 'सदर प्रसंगी मुलगी सुमारे पाच मिनिटे आडवी होती. डॉक्टर आले नव्हते. नाडी मी पाहिली नव्हती. बाकीचे माझ्या वाणीने वाढवले आहे.' खाली सुवाच्य अक्षरात सही केली.

दोन दिवसांनी फोनच्या पडद्यावर जनाईची तपासणी बघणाऱ्या विंग कमांडर डॉक्टर शुभदा मेश्राम आल्या. नागपूरच्या. केस आखूड, बोलणं स्वच्छ.

"बुवा, तुमचं पत्र वाचलं. मनापासून लिहिलंत. पण एक सांगा, तुमच्या मुलीची निवड अडली नसती, तर लिहिलं असतं का?"

बुवांनी खाली बघितलं. "नसतं."

"मग मी ते पुरावा म्हणून कसं धरू? बाप मुलीसाठी तेव्हाही बोलत होता, आताही बोलतोय. त्या दिवसाचं काही आहे का? फोटो, चित्रफीत, कुणी रेकॉर्ड केलेलं?"

आणि मला एकदम माझा पत्र्याचा डबा आठवला.

माझी एक वाईट खोड आहे. झांजा पुढे पळतात, हे पोरांना सांगून पटत नाही. म्हणून मी कीर्तनाच्या आधी माझा फोन रेकॉर्डिंग लावून झांजा वाजवणाऱ्याच्या मांडीवर, कपड्याच्या घोळात ठेवतो आणि मग दुसऱ्या दिवशी ऐकवतो, बघ, कुठे पळालीस. ती सगळी रेकॉर्डिंग्ज मी छोट्या कार्डांवर घालून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली आहेत, तिथीनुसार. घरी जाऊन डबा उपडा केला. 'चैत्र शुद्ध नवमी, शके १९४९' सापडलं.

ऐकलं. माझा तबला, पेटी, बुवांचा आवाज, लोकांचा गजर. मग झांजा थांबतात आणि धप्प असा आवाज येतो. त्यापुढे सगळं दबल्यासारखं. माणसाच्या कानाला त्यातून काहीच कळत नव्हतं, झोप की बेशुद्धी. पण त्या यंत्राला कळणार होतं.

मी जनाईला फोन केला. "कार्ड आहे. पण जनाई, नीट विचार कर. तू खरंच बेशुद्ध असलीस, तर तेही त्यातून निघेल. मग कुठलीच पळवाट नाही. मी डबा सापडला नाही म्हणू शकतो."

ती म्हणाली, "सरकाका, मागच्या सीटवर कुणीतरी बसलेलं असणार. त्याच्या बायकोला तुम्ही काय सांगणार, डबा सापडला नाही?"

"बरं बाई."

"घेऊन या. मूळ कार्डच लागतं त्यांना. आणि बाबांना आणा. त्यांना न आणता ऐकलं, तर ते पुढच्या वर्षी त्याचेही अडीच तास करतील."

आम्ही तिघं बेंगळुरूला गेलो. वहिनींनी डबाभर चकल्या घेतल्या होत्या, "डॉक्टर झाल्या तरी त्यांना भूक लागतेच की" म्हणून. एका पांढऱ्याशुभ्र खोलीत डॉक्टर मेश्राम, त्यांचा एक तंत्रज्ञ आणि भिंतीशी ताठ उभी जनाई. केस बारीक कापलेले. बुवांनी तिच्याकडे बघून नुसता हात वर केला. तिने मान हलवली. रागही होता त्यात आणि बाप आला याचं समाधानही.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. यंत्राला माझ्या तबल्याचा, पेटीचा, बुवांच्या गळ्याचा आवाज ओळखता येतो. एकेक ओळखून ते बाजूला काढतं. कांद्याची सालं काढावीत तसं. सगळं निघून गेल्यावर मागे जे उरतं, ते बघायचं.

"आणि इथे तुम्ही एक उपकार केलात, सर," त्या मला म्हणाल्या. "ती पडली ती फोनवरच पडली. फोन तिच्या छातीखाली आला."

तंत्रज्ञाने तबला काढला. माझा ठेका निघून गेला तेव्हा, वेडेपणा आहे, पण मला अंगावरचा सदरा काढल्यासारखं वाटलं. मग पेटी गेली. गजर गेला. शेवटी बुवांचा आवाज विरत विरत गेला. शांतता. आणि त्या शांततेत एक बारीक घर्र... घर्र...

वहिनी उसळल्या. "घोरतेय! बघा, घोरतेय मेली!"

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या. "अजून एक थर आहे."

घोरणंही गेलं. आणि मग आलं ते. लांबून, विहिरीच्या तळातून आल्यासारखं. डब-डुब. डब-डुब. डब-डुब. नऊ वर्षांच्या मुलीचं हृदय. मिनिटाला ब्याऐंशी, पडद्यावर आकडा उमटत होता. एक ठोका चुकला नाही की अडखळला नाही. मी सवयीने बोटांवर लय धरायला गेलो, पण ते माझ्या ठेक्यात नव्हतंच. बाहेर मी दुगणीत, दुप्पट लयीत वाजवत होतो, लोक नाचत होते, आणि ते आत आपल्याच लयीत निवांत चाललेलं.

मी बुवांकडे बघितलं. ते उठून उभे राहिले होते. अकरा वर्षांपूर्वी गादीवरून ज्या छातीकडे ते बघत राहिले होते, ती आत्ता त्यांना ऐकू येत होती. ओठ हलत होते. नाम घेत असावेत. जनाई भिंत सोडून आली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली.

"चालू होतं गं," ते एवढंच म्हणाले. "सगळा वेळ चालू होतं."

रेकॉर्डिंग पुढे सरकलं. तंत्रज्ञाने बाकीचे आवाज परत आणले. वहिनींचा तरुण आवाज ऐकू आला, "अगं ए, ऊठ! पहाटे चारपासून कुणी सांगितली होती तोरणं करायला?" पाण्याचा शिडकावा. आणि झोपेतला, चिडका, नऊ वर्षांचा आवाज, "सुंठवडा संपला?"

खोलीत सगळे हसले. तो गंभीर तंत्रज्ञसुद्धा, त्याला मराठी येत नसताना. डॉक्टर मेश्राम डोळे टिपत पडद्यावरची वेळ बघत होत्या.

"बुवा, पत्रात तुम्ही पाच मिनिटं लिहिलीत."

"हो."

"चार आहेत. शपथेवरसुद्धा एक मिनिट वाढवलंत तुम्ही."

बुवांनी दोन्ही कान पकडले.

जुळ्याच्या अंगातून तो दीड तास काढून टाकला, त्या जागी चार मिनिटांची झोप घातली. दुपारी चहा आणि चकल्या होईपर्यंत त्याने पुन्हा दहा हजार उड्डाणं केली. सहा वेळा पडलं. पूर्वीइतकंच. संध्याकाळी वैद्यकीय मंडळाने सही केली, सूट मंजूर, दर वर्षी तपासणीच्या अटीवर. जनाईने कागद वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला आणि मग आईच्या गळ्यात पडून लहान मुलीसारखी रडली.

महिन्याभराने रामनवमी. प्रशिक्षणाला रुजू होण्याआधी जनाई चार दिवस घरी होती. बुवांनी तिला मागे बसवलं, झांजा दिल्या. साडेअकरा वाजून गेले आणि बुवा त्या गोष्टीपाशी आले. लोक सरसावून बसले. तिसऱ्या रांगेत सिंधूताई होती, शेजारी तिचा मुलगा.

बुवांनी वाकून गादीला हात लावला, कपाळाला लावला. मग म्हणाले, "मंडळी, ही गोष्ट मी तुम्हाला दहा वर्षं चुकीची सांगितली. ज्या जागेवर वाढवली, त्याच जागेवर आज उतरवतो."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. वीस मिनिटं, पाऊण तास, दीड तास. यंत्र, जुळं, माझा डबा, घोरणं. मंडप हसून हसून लोळायचा बाकी होता. मग ते हृदयाच्या ठोक्यांपाशी आले आणि मंडप गप्प झाला.

"मी समजत होतो, मी गात राहिलो म्हणून देवाने तिला परत दिलं," बुवा म्हणाले. "अहो, त्याने नेलीच कुठे होती? मी इथे घाबरून गात होतो, आणि तो तिथे आत बसून शांतपणे ठेका धरून होता. चार मिनिटं. एकसुद्धा मात्रा न चुकवता. यापेक्षा मोठा चमत्कार मला वाढवून सांगता येत नाही."

बारा वाजले. पाळणा हलला, गुलाल उडाला. प्रसाद वाटताना सिंधूताई पुढे आली. बुवा तिच्याशी बोलायला धजत नव्हते. तीच बोलली.

"बरं केलंत बुवा, खरं सांगितलंत. माझा पोरगा पडतो ना, तेव्हा मलापण दीड तासच जातो. आता मी घड्याळ बघत जाईन. डॉक्टर नेहमी विचारतात, किती वेळ, किती वेळ. मला कधी सांगताच येत नाही." तिने सुंठवड्याची चिमूट पोराच्या तोंडात घातली आणि बुवांना वाकून नमस्कार केला.

मी तबला आवरत होतो. मागून जनाई आली आणि स्वतःच्या मांडीवरच्या घोळातून माझा फोन काढून माझ्यापुढे धरला.

"अजून ठेवता तुम्ही, सरकाका?"

"सवय आहे. उद्या ऐकवतो, कुठे कुठे पळालीस."

"पळणारच," ती म्हणाली. "वेगाचीच नोकरी धरलीय आता." मग इकडेतिकडे बघून तिने हात पुढे केला. "सुंठवडा आहे ना शिल्लक?"